कॉफीवाल्यांचा चहा

डोंगरातल्या एका गावात तुळाजी नावाचा बागायतदार राहत होता. त्याच्याकडे कॉफीची सहाशे झाडे होती. आजोबांनी लावलेली. दर वर्षी तो फळे उतरवी, वाळवी, सोली आणि बिया पोत्यांत भरून व्यापाऱ्याला देई. पुढे त्या बियांचे काय होते, हे त्याने कधी विचारले नव्हते.

एका वर्षी व्यापारी म्हणाला, "तुळाजी, तुझ्या मालाला चव नाही. झाडं जुनी झाली. तोडून टाक आणि आलं लाव."

तुळाजीला राग आला, पण शंकेने झोपही येईना. लाकूडतोड्यांना त्याने अमावास्येनंतर बोलावले. अमावास्येला आठ दिवस होते. तेवढ्यात त्याला खरे काय ते कळायला हवे होते. सहाशे झाडे एकदा तोडली की चूक कळून उपयोग नाही.

शहरात एस्प्रेसो नावाची कॉफी करतात, असे त्याने ऐकले होते. यंत्राने दाब देऊन बियांच्या पुडीतून कढत पाणी काढतात. घोटभरच निघते, पण दाट. दूध नाही, साखर नाही. बीमध्ये जे असेल ते जिभेवर येते. तुळाजीने चार मुठी बिया कापडी पिशवीत बांधल्या आणि तो शहरात गेला.

तिथे एकाच रस्त्यावर कॉफीची आठ दुकाने होती. खरी चव कोणाला कळते, हे कसे ओळखावे? तो पहिल्या दुकानात शिरला. यंत्र तांब्याचे होते आणि आरशासारखे चकचकीत. पूड कशी दाबतात, दांडा कसा अडकवतात, तपकिरी धार कशी बारीक पडते, हे सगळे त्याने मान लांब करून पाहिले. मग घोट घेतला. जळक्या लाकडाची चव होती.

"कडू आहे," तो म्हणाला.

"एस्प्रेसो कडूच असते, बाबा," मालक म्हणाला. "सवय लागते."

शेजारच्या दुकानात त्याने पुन्हा मागितली. तिने दात आंबले.

"आंबट आहे."

"एस्प्रेसो आंबटच असते," तो मालक म्हणाला. "समज लागते."

दोन्ही एकाच वेळी खरे नसणार. तुळाजी शिकलेला नव्हता, पण एवढे त्याला कळले. त्याने रस्त्यावरच्या लोकांना विचारले. एकाने खुर्च्या चांगल्या असलेले दुकान दाखवले. एकीने फोटो चांगले येतात ते दाखवले. चवीचे कोणी बोलले नाही.

दमून तो कोपऱ्यावरच्या टपरीवर बसला. टपरीवाले यासीनभाई सहा ग्लास चहा भरत होते. ते तारेच्या जाळीत ठेवून समोर घेऊन गेले. तांब्याच्या यंत्रामागचा मालक दाराशीच उभा होता. त्याने तिथेच एक ग्लास उचलला आणि डोळे मिटून घोट घेतला.

यासीनभाई परत आल्यावर तुळाजीने विचारले, "तो कॉफीवाला चहा पितो?"

"पितो म्हणजे? दिवसातून तीनदा! या रस्त्यावर आठ दुकानं आहेत कॉफीची. सात जण माझ्या चहावर उभे आहेत."

"आणि आठवा?"

यासीनभाईंनी तोंड वाकडे केले. "आठवी. हेमांगीबाई. तिचं नाव नका काढू, काका. चार वर्षांत एक कटिंग घेतला नाही. स्वतःचीच कॉफी पीत बसते."

तुळाजी चहा अर्धा टाकून उठला.

"अहो, माझ्या चहानं काय घोडं मारलंय?" यासीनभाई मागून ओरडले.

हेमांगीबाईंचे दुकान लहान होते. यंत्राचा रंग उडालेला. त्या एक घोट घेत होत्या, उरलेले मोरीत ओतत होत्या, दळणाचा खटका फिरवत होत्या आणि पुन्हा करत होत्या.

"सांडता कशाला?" तुळाजीने विचारले.

"हवा बदलली की दळण बदलावं लागतं. मला आवडेपर्यंत गिऱ्हाइकाला देत नाही."

चौथ्या वेळी त्यांनी मान डोलावली आणि त्याच्यापुढे एक प्याला ठेवला. कडू होती. आंबटही होती. पण दोन्ही गेल्यावर मागे गोडी राहिली, आणि ती बराच वेळ जिभेवरून हलेना. तुळाजीने आपली पिशवी सोडली.

बाईंनी बिया मागच्या छोट्या भट्टीत भाजल्या. "आज नाही. भाजलेली बी मुरू द्यावी लागते. चार दिवसांनी या."

चार दिवस तो धर्मशाळेत राहिला. पाचव्या दिवशी बाईंनी दोन प्याले केले. आपला घोट त्यांनी जिभेवर धरला आणि मोरीत टाकला.

"माल वाईट आहे," त्या म्हणाल्या.

तुळाजीचा चेहरा उतरला.

"झाड वाईट नाही. आत गोडवा आहे, पण त्याच्यावर कच्चा तुरटपणा बसलाय. पिकलेली आणि हिरवी फळं एकत्रच उतरवता ना?"

"आमच्यात फांदी ओरबाडूनच घेतात. आजोबांपासून. मला शेती शिकवू नका, बाई."

हेमांगीबाई रागावल्या नाहीत. "नाही शिकवत. काका, तुम्ही घरी रोज काय पिता?"

तुळाजी खाली बघू लागला.

"चहा," तो म्हणाला.

त्या हसल्या असत्या तर त्याने सहन केले असते. त्यांनी फक्त त्याचा प्याला पुढे सरकवला. तुळाजीने तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला. केळीची हिरवी साल चावल्यासारखे झाले. चाळीस वर्षे त्याने हेच पिकवले होते. आज पहिल्यांदा चाखले.

गावी येऊन त्याने लाकूडतोड्यांना परत पाठवले. हंगाम आला तेव्हा तो स्वतः झाडांखाली उभा राहिला. फक्त लाल फळ तोडायचे.

"मालक, मग हिरवी कधी काढायची?" गडी कुरकुरले.

"लाल झाल्यावर."

एकेका फांदीला चार-चार खेपा पडल्या. पोती कमी भरली. पहिल्या बिया त्याने घरच्या तव्यावर भाजल्या, कुटल्या आणि त्यांची कोरी कॉफी उकळून तो प्यायला. मग बायकोलाही एक पेला दिला. तिने तो रिकामा करून परत दिला.

व्यापारी आला. सवयीप्रमाणे त्याने पोत्यात हात घातला आणि नाक मुरडले. तुळाजीने त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

"आधी पी. मग भाव बोल."

व्यापाऱ्याने पेला दूर सारला. "हे कडू पाणी मी पीत नाही. चहा नाही का घरात?"

"मग माझी झाडं जुनी झाली, हे तुला कुणी सांगितलं?"

तुळाजीने व्यापाऱ्याच्या हाताखालचे पोते ओढून घेतले, तोंड बांधले आणि सगळा माल हेमांगीबाईंकडे जाणाऱ्या गाडीत चढवला.

तात्पर्य: ज्याने स्वतः चाखले नाही, त्याच्या स्तुतीला किंमत नाही आणि निंदेलाही नाही. मग तो माल विकणारा असो, घेणारा असो, की पिकवणारा.