आव्याची जागा

एका गावाच्या वेशीबाहेर, जिथे घरं संपून शेतं सुरू होतात, तिथे दोन कुंभार भाऊ राहत होते. थोरला चाक फिरवायचा, धाकटा माती तुडवायचा, थोरल्याची बायको घर सांभाळायची. आई-बाप लवकर गेलेले. धाकट्याला चालायला, बोलायला आणि माती ओळखायला थोरल्यानेच शिकवलं होतं.

त्यांच्या अंगणात मडकी भाजायला जागा नव्हती. शेजारी एका म्हाताऱ्या माळ्याचा मळा होता आणि मळ्याच्या कडेला दगडगोट्यांची एक पडीक पट्टी होती. थोरल्याने ते दगड वेचले, वाऱ्याच्या बाजूला मातीची भिंत घातली आणि तिथे आवा लावून मडकी भाजू लागला. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र तो एक नवा घडा घेऊन माळ्याच्या दारी जाई.

"बाबा, यंदा आवा लावू ना?"

"लाव की! दरवर्षी काय विचारतोस?"

"जागा तुमची. तुम्हाला नाही तर कुणाला विचारू?"

धाकटा चिडायचा. "दगड आपण उचलले, भिंत आपण घातली. वर त्याच्यापुढे वाकायचं कशाला?"

थोरला हसायचा. "वाकतोय कुठे? विचारायला गेलं की गूळ-शेंगा मिळतात. तूही चल."

एकदा धाकटा गेलाही होता आणि दोन्ही खिसे भरून शेंगा घेऊन आला होता.

अशी चौदा वर्षं गेली. पंधराव्या वर्षी थोरल्याला ताप भरला आणि चौथ्या दिवशी तो बायको आणि तान्हं लेकरू मागे ठेवून गेला. त्याचं अर्धवट मडकं चाकावर तसंच वाळलं. धाकट्याने ते कुणाला काढू दिलं नाही. दिवसभर तो आव्याच्या भिंतीला टेकून बसायचा. भिंतीवर थोरल्याच्या बोटांचे ठसे उमटलेले होते.

महिनाही झाला नव्हता, तोच म्हातारा माळी आला. त्याच्या मुलीला नवऱ्याने टाकलं होतं. दोन लेकरं घेऊन ती माहेरी आली होती.

"पोरा, दुःखात बोलू नये, पण मला आता ती पट्टी लागेल. पोरीला खोपट बांधायचंय. तुला वरच्या माळावर जागा देतो. सामान न्यायला बैलगाडीही देतो."

धाकट्याचं डोकं फिरलं. "दादाची राख निवली नाही, आणि तुम्ही त्याची भिंत पाडायला आलात? एक ढेकूळ हलवू देणार नाही!"

भांडण पंचांपुढे गेलं. गावाचा जुना नियम होता. बारा वर्षं कुणी एखादी जागा आपली म्हणून उघडपणे वापरली आणि मालकाने हरकत घेतली नाही, तर ती वापरणाऱ्याची. पण मालकाला विचारून घेतलेली असेल, तर कितीही वर्षं होवोत, ती मालकाचीच.

"थोरला विचारून वापरायचा याला साक्षीदार कोण?" पंचांनी माळ्याला विचारलं.

"दुसरा कोण असणार? एकदा हाच आला होता त्याच्याबरोबर. याला विचारा. हा म्हणेल ते मला कबूल."

सगळे धाकट्याकडे पाहू लागले. बायकांच्या घोळक्यात वहिनी उभी होती. पण त्याच्या डोळ्यांपुढे फक्त ती भिंत होती. त्याने शपथेसाठी मातीवर हात ठेवला.

"दादा कधीच कुणाला विचारायला गेला नाही. जागा आपलीच म्हणून त्याने घेतली."

माळी जायला उठला. मग म्हणाला, "जागा घे, पोरा. पण तो असा नव्हता."

धाकटा घरी आला तर वहिनी गाठोडं बांधत होती.

"वहिनी, जागा राहिली! दादाची भिंत राहिली!"

"दरवर्षीचा घडा मी निवडून द्यायचे, भावजी. चांगल्यातला चांगला. आज तुम्ही गावापुढे त्यांना जागा बळकावणारा ठरवलंत."

"मी त्याच्यासाठीच केलं! आणि तुम्ही तिथे का नाही बोललात?"

"घरच्या माणसाला चारचौघांत खोटं पाडवेना. ती माझी चूक." लेकराला कडेवर घेऊन ती माहेरी निघून गेली.

धाकटा तळ्याकाठच्या शेतात माती आणायला गेला. शेतकरी आडवा आला. "नको रे बाबा. तुझ्या भावाने गोड बोलून म्हाताऱ्याची जागा खाल्ली. आज माती नेशील, उद्या शेत मागशील."

गोवऱ्या मागायला गेला, तर एकजण म्हणाला, "ओट्यावर टेकू नकोस हं! बारा वर्षं बसलास तर ओटा तुझा!" सगळे खो खो हसले.

हसण्याचं त्याला काही वाटलं नाही. पण जिला थोरल्याने कितीदा फुकट घागर दिली होती, ती बाई हळूच म्हणाली, "आम्ही त्याला देवमाणूस समजत होतो." ते मात्र त्याच्या काळजात घुसलं.

तो पळत पारावर पंचांकडे गेला. "मी खोटं बोललो! दादा दरवर्षी विचारायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"तेव्हाही मातीवर हात ठेवूनच बोलला होतास," पंच म्हणाले. "आता कुठलं खरं धरायचं?"

"आवा थंड पडला, तेव्हा भाऊ आठवला," मागून कुणीतरी बोललं.

"जागा परत करायची असेल तर कर," पंच उठता उठता म्हणाले. "तेवढं तुझ्या हातात आहे."

त्याने त्याच दिवशी जागा परत केली. माळ्याच्या मुलीचं खोपट उभं राहिलं. धाकटा मात्र दारोदार सांगत फिरला की माझा भाऊ तसा नव्हता. लोक ऐकून घेत, "असेल बाबा" म्हणत आणि दार लावून घेत.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची वस्तू राखायला त्याच्याच नावाने खोटं बोलू नये. वस्तू परत करता येते, पण त्याचं नाव परत आणता येत नाही.