वेशीबाहेरच्या हाकेला ओ

पूर्वी चंदनावती नगरात राजा सुबाहू राज्य करीत असताना तिथल्या सुलसा नावाच्या कुंभारणीने वडाखालच्या देवीला नवस केला होता, "बाई, माझ्या लेकरांवर मरणाची नजर पडू देऊ नकोस. मी जन्मभर एकवेळ जेवीन." त्याच नगरात बोधिसत्त्व तेव्हा वैद्य होते.

नगराची एक रीत होती. औषध लागू पडेनासे झाले की रोग्याला वेशीबाहेरच्या ओसाड जकातघरात नेऊन ठेवायचे आणि मग त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही. ओ देणाऱ्याच्या मागोमाग मरण घरी येते, असे सगळे मानीत.

बोधिसत्त्वांना ते पाहवेना. त्यांनी जकातघर झाडून घेतले, शाकारले, बाजा टाकल्या, कळ शमवणारे काढे ठेवले. मग ते दारोदार हिंडले. "बरे करणे माझ्या हाती नाही. पण दुखणे हलके करीन. पाळीपाळीने एकेक माणूस द्या, उशाशी बसायला."

"म्हणजे मरणाला आवतणच की, वैद्यबुवा!" म्हणत लोक दारे लावून घेत.

पुढे सुलसेच्या सासूलाच तिथे आणले. सुलसा पेज घेऊन गेली. उंबऱ्यावर गाडगे ठेवून वळली, तोच आतून हाक आली, "सुलसे, तूच ना गं?"

अंगणात खेळणारी दोन्ही मुले तिच्या डोळ्यांसमोर आली. तिने तोंडात पदराचा बोळा धरला.

"करपलीय मेली पेज. तुझाच हात तो. बोलत का नाहीस?"

बोधिसत्त्व दाराशी आले. "आत ये, बाई."

तिने बोळा काढला. "भीती वाटते, वैद्यबुवा."

"मलाही वाटते. पण त्यांना आपल्याहून जास्त वाटते आहे."

"ओ, आत्याबाई. आले," सुलसा म्हणाली आणि आत गेली. म्हातारीने तिचे मनगट इतके घट्ट धरले की बांगड्या रुतल्या. दिवस कलायच्या आधी म्हातारी गेली. हात तसाच धरलेला होता.

पुढे कितीतरी दिवस सुलसा मुलांची कपाळे चाचपत राहिली. मुलांना काही झाले नाही. भीती मात्र गेली नाही. भीतीसकट ती पाळीने रोग्यांच्या उशाशी बसू लागली. तिला धडधाकट पाहून शेजारीण आली, मग साळ्यांची सारी आळी आली. बोधिसत्त्व थकल्यावर ते घर सुलसेनेच चालवले.

ही कथा सांगून भगवान बुद्ध म्हणाले, "तेव्हाची सासू ही आज विहारात अंथरुणाला खिळलेली वृद्ध भिक्षुणी, सुलसा ही तिची सेवा करणारी उपासिका विशाखा, आणि वैद्य मीच होतो." भीत भीत का होईना, जवळ जाऊन बसणे, हीच करुणा.

बायांनो, तुमच्या आळीतही कुणी शेवटच्या अंथरुणावर असेल. दारातून परतू नका. त्यांनी हाक मारली तर ओ द्या.