नाकाखालचा बाम

“मदर, संतांना घाण वास येत नसेल का हो?”

विचारणारी सिस्टर फिलोमिना. कुष्ठरोग्यांच्या आश्रमात येऊन सहा महिने झालेले. शिकलेली, आणि तसं दाखवणारी. जखमा धुताना सारखी हसायची. भेटीला येणारे बावळट लोक म्हणायचे, ही जिवंतपणीच संत! तिला ते गोड लागायचं.

मदर ब्रिजिता सत्तरी ओलांडलेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू. चाचपून पट्ट्या बांधायच्या.

“का गं?”

“संतांनी जखमेचा मुका घेतला म्हणतात. आणि मला... ओकारी येते. नाकाखाली बाम चोळल्याशिवाय आत पाय टाकवत नाही. मी ढोंगी आहे, मदर. उद्याच्या एसटीनं घरी जाते.”

मदरनी हातातली पट्टी बाजूला ठेवली.

“सकाळी कोणाचा पाय धुतलास?”

“सोनू दुमाड्याचा.”

“कसा आहे?”

“छान आहे.”

“बाम पूस.”

तिनं पदरानं पुसला. दोघी सोनूच्या खाटेशी गेल्या. तो भाकरी खात होता.

“आत्ताच धुतला ना, सिस्टर! किती धुशील? झिजंल माझा पाय!”

मदरनी पट्टी सोडली, नाकाशी धरली. मग फिलोमिनाकडे दिली.

“तू बघ. माझं नाक चाळीस वर्षांत मेलं.”

तिनं हुंगली. तशीच दाराबाहेर पळाली आणि जास्वंदीच्या बुडाशी भडाभडा ओकली.

“कसला वास?” मदरनी आतूनच विचारलं.

“सडका... गोडसर. मदर, हा रोजचा नाही!”

मदरनी सोनूच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवला. करंगळीपाशी थांबला. बाभळीचा काटा आत मोडलेला, वर कातडी मिटत आलेली. सोनूच्या पायाला जाणीवच नाही, तो काय सांगणार?

दुपारी डॉक्टर आला. चिरलं, वाटीभर पू काढला. म्हणाला, “आणखी दोन दिवस गेले असते, तर गुडघ्यापासून कापावा लागला असता. आता काळजी नाही.”

सोनू बोंबलला, “सिस्टर ओकली म्हणून माझा पाय राहिला!” सगळी खोली हसली.

फिलोमिना पायरीवर बसली. आधी रडली. मग तीही हसली, पण हे हसू वेगळं होतं.

“मदर... मग मी जाऊ की राहू?”

मदर पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर केली नाही.

“उद्यापासून न्याहारी करून येत जा. रिकाम्या पोटी ओकायला त्रास होतो.”