दर्शनी पडद्याचं भोक

"येतील ना लोक, मास्तर?"

"येणारे येतील."

"आणि नाही आले तर?"

हळबेमास्तर तंबोरा लावत होते. त्यांनी एक खुंटी पिळली.

त्र्यंबकने दर्शनी पडद्याच्या भोकाला पुन्हा डोळा लावला. बोराएवढं ते भोक या नाटक कंपनीहूनही जुनं. मूळ मंडळी फुटली तेव्हा एकाने पोशाख नेले, दुसऱ्याने देखावे, आणि त्र्यंबकच्या वडिलांच्या पदरात पडले हा पडदा आणि हे तालीममास्तर. आजवरच्या मालकांच्या तोंडचा सफेदा लागून लागून भोकाची कड कडक झाली होती.

नाटकमंडळी फुटायला कारण लागतंच असं नाही. एकाच्या गळ्यात हार जाड पडला तरी पुरतं.

महिन्यापूर्वी ही मंडळीही फुटली. मुख्य नट आठ जणांना घेऊन गेला. नदीपलीकडे आज दुपारी त्यांचा पहिला खेळ होता, आणि अलीकडे त्र्यंबक, वडिलांमागे मालक झालेला, प्रथमच नायकाचं काम करणार होता. आजचा खेळ पडला तर उरलेलेही पलीकडे जाणार, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"पाच रांगा. पाचच! मास्तर, दुसऱ्या अंकातली पदं गाळू या. एवढ्याशा लोकांसाठी गळा कशाला फोडायचा?"

मास्तरांनी तंबोरा खाली ठेवला.

"तोंड धुऊन ये."

"आता? रंगवलेलं?"

"धू. माझी शाल घे आणि लोकांत जाऊन बस जरा."

"मी? मालक आहे मी, मास्तर!"

"ते त्यांना कुठं माहीत आहे..."

त्र्यंबक चडफडत गेला. चौथ्या रांगेत, बाकाच्या मधोमध एक म्हातारा कोष्टी गाठोडं घेऊन बसला होता. त्याच्याशेजारी तो टेकला. म्हातारा टक लावून पडद्याकडे बघत होता.

"काय बघताय, आबा?"

"त्यो डोळा."

"कसला डोळा?"

"त्या भोकातला. मगापास्नं मोजतोय आमाला. माणसं कमी दिसली का गाणी कापत्यात ह्ये लोक. सा कोस चालत आलोय बाबा, गाण्यासाठनं."

"मग पलीकडे जायचं होतं. नवी मंडळी आलीय."

"तितं डोळा न्हाई व्हय?"

त्र्यंबकने वर पाहिलं. भोकात खरंच एक डोळा होता. लाल, पाणावलेला. तो एकेका बाकावरून सरकत होता... आणि तो भ्यालेला होता. इतक्या लांबूनही ते कळत होतं.

डोळा चौथ्या रांगेकडे वळला तसा म्हातारा लगबगीने उठला. गाठोडं दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या जागेवर उभं केलं. डोईचं पागोटं काढून त्याच्यावर बसवलं, आणि स्वतः बोडक्यानेच ताठ होऊन बसला.

"तेवढंच एक मानूस जास्ती दिसंल," तो कुजबुजला.

त्र्यंबकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो आत आला तेव्हा मास्तर पडद्यापासून मागे सरत होते. त्यांच्या भुवईला सफेदा लागला होता.

"किती आहेत?" मास्तरांनी विचारलं.

"मोजायचे राहिले."

"हं."

"एकही पद गाळायचं नाही, मास्तर."

मास्तरांनी रंगाची पेटी जवळ ओढली.

त्र्यंबक समोर बसला. मास्तरांची शाल घडी करून त्याने बाजूला ठेवली. शेवटी राहवलं नाही.

"तो डोळा तुमचा होता?"

"माझाच."

"पन्नास वर्षं झाली तुम्हाला या धंद्यात. अजून भिता?"

मास्तरांनी सफेद्यात बोट बुडवलं. बाहेर कुणीतरी खोकलं...

"भितो तर. तोंड वर कर."