खांबेटे आजोबांचे बोट

एकदा एक आचार्य होते. जटा, दंड, कमंडलू यांतले त्यांच्यापाशी काहीही नव्हते. जाड भिंगांचा चष्मा होता आणि मोबाइलची ॲप्स तयार करण्याची विद्या होती. त्यांचे विद्यार्थी त्यांना 'सर' म्हणत, पण गोष्ट जुन्या वळणाची आहे, तेव्हा आपण त्यांना आचार्यच म्हणू. नदीकाठच्या एका शहरात, किराणा दुकानाच्या माडीवर त्यांची पाठशाळा भरत असे. खाली गुळाच्या ढेपा आणि वर संगणक, त्यामुळे मुंग्यांचा वावर मात्र दोन्ही मजल्यांवर सारखाच होता.

या आचार्यांचा एक शिष्य होता. बुद्धी तल्लख, हात चपळ आणि कामावर जीव ओवाळून टाकणारा. त्याच्यात खोट एकच होती; त्याला उत्तर फार लवकर सापडत असे. प्रश्न पुरता ऐकून होण्याआधीच त्याची बोटे कळफलकावर धावू लागत. आचार्य हे पाहत आणि काही बोलत नसत. काही गोष्टी सांगून समजत नाहीत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते.

शिक्षण पुरे होत आले तेव्हा आचार्यांनी शिष्याला पहिले स्वतंत्र काम दिले. त्याच पेठेत कुमुदबाईंची खानावळ होती. त्यांचे डबे बहुतेक वृद्ध मंडळींकडे जात. कोणाची मुले परदेशी, कोणी एकटेच उरलेले. रोज सकाळी एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात फोन धरून कुमुदबाई प्रत्येकाची मागणी लिहून घेत, आणि त्या नादात कधी फोडणी जळे तर कधी डबा चुकीच्या घरी जाई. शिष्याने त्यांच्यासाठी एक सुंदर ॲप तयार केले. ताकासारखी शुभ्र पार्श्वभूमी, त्यावर भाज्यांची चित्रे, आणि तळाशी केळीच्या पानाच्या रंगाचे एक बटण: 'डबा पाठवा'. ते बटण दाबले की मागणी खानावळीत पोहोचायची. कुमुदबाईंना आनंद झाला, आचार्यांनी मान डोलावली, आणि शिष्य काही दिवस जमिनीपासून चार बोटे वर चालत होता.

मग तक्रारी येऊ लागल्या. बटण दिसते, पण दाबले तर काहीच होत नाही. दहा वेळा दाबावे तेव्हा एखाद्या वेळी लागते. सर्वांना हा त्रास नव्हता, काहींनाच होता. आणि ज्यांची मागणी वेळेत पोहोचत नसे त्यांचा डबा अर्थातच निघत नसे. ॲपमधल्या अशा दोषाला त्या व्यवसायात 'बग' म्हणतात, म्हणजे किडा. शिष्याने किडा शोधायला आपला फोन काढला, बटण दाबले, आणि मागणी तत्काळ गेली. पुन्हा दाबले, पुन्हा गेली. तरीही लोकांचे समाधान व्हावे म्हणून त्याने बटणाचा हिरवा अधिक गडद केला. तक्रारी आल्याच. त्याने बटणाखाली सावली दिली, त्याचे कोपरे गोल केले, 'येथे दाबा' असा बाणही काढला. तक्रारींना या सौंदर्यप्रसाधनांचे काही कौतुक नव्हते.

तक्रार करणाऱ्यांमध्ये खांबेटे नावाचे एक आजोबा होते. पत्नी गेल्यापासून एकटेच राहत. तरुणपणी कॅरममध्ये त्यांचा हात धरणारा पेठेत कोणी नव्हता, आणि अजूनही दुपारी त्यांच्याकडे डाव पडत असे. त्यांनी संकोचत फोन केला तेव्हा शिष्य म्हणाला होता, "आजोबा, नुसतं टेकवू नका, नीट दाबा. जोर द्या जरा." आजोबा "बरं बरं" म्हणाले. शिष्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

एके दिवशी डब्यांची गडबड आटोपल्यावर कुमुदबाई स्वतः पाठशाळेचा जिना चढून आल्या. त्यांचा चेहरा पाहून आचार्यांनी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत.

"सर, काल खांबेटे आजोबा उपाशी राहिले."

"म्हणजे?"

"डबाच गेला नाही त्यांना. बटण दाबून दाबून दमले आणि शेवटी चुरमुरे खाऊन दिवस काढला. संध्याकाळी मी सहज डोकावले म्हणून कळलं. म्हटलं, मला फोन का नाही केलात? तर म्हणतात, 'तुझं ॲप झकास आहे गं, माझ्याच बोटातला जीव गेलाय. त्या पोरानं सांगितलं जोर द्या, मला देता येईना. आता कोणाकोणाला सांगू?' सर, त्यांनी कॅरमसुद्धा बंद केलाय. बोर्ड कपाटामागे उभा करून ठेवलाय." कुमुदबाईंनी पदराने घाम टिपला. "मला यातलं काही कळत नाही. पण उद्या सकाळी हे बटण धड चालणार नसेल तर मी आपली फोनवरच डबे लिहून घेते. फोडणी जळली तर जळली, कोणी उपाशी राहायला नको."

शिष्याचे पहिलेच काम उद्या सकाळी पुसले जाणार होते. घाबरलेला माणूस बहुधा चुकीच्या दिशेला हात उगारतो, तसेच झाले. तो म्हणाला, "सर, ॲपमध्ये खरंच काही नाही. हे बघा." त्याने आपल्या फोनवर बटण दाबले आणि मागणी गेली. "वयस्कर माणसांना सवय नसते हो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!"

कुमुदबाईंनी दुसरीकडे पाहिले. आचार्य रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "खांबेट्यांच्या फोनवर अक्षरं केवढी आहेत?"

शिष्याला ते ठाऊक नव्हते. विचारावे असे त्याला कधी वाटलेच नव्हते.

"एवढाली!" कुमुदबाईंनी बोटांनी माप दाखवले. "एका ओळीत 'बटाट्याची' मावतं, 'भाजी' खालच्या ओळीत जाते."

आचार्यांनी शिष्याचा फोन घेतला, त्यातली अक्षरे होतील तेवढी मोठी केली आणि फोन परत दिला. "आता दाब."

शिष्याने दाबले. काहीही झाले नाही. त्याने पुन्हा दाबले. मग अंगठ्याने, जोर देऊन, नखाचा रंग पांढरा होईपर्यंत दाबले. बटण आपले हिरवेगार, स्वस्थ.

"तुझ्याही बोटातला जीव गेला की काय?" आचार्यांनी विचारले.

शिष्य ओशाळला, पण त्याची बुद्धी लगेच धावली. "कळलं सर! अक्षरं मोठी झाली की बटण लहान पडतं. मी बटणच मोठं करतो, आत्ता, दोन मिनिटांत."

"ऊठ तिथून," आचार्य म्हणाले.

ते शिष्याच्या संगणकापुढे बसले. त्यांनी कुठलीच ओळ खोडली नाही, कुठला दोषही शोधला नाही. एक छोटीशी आज्ञा मात्र लिहिली, आणि क्षणार्धात शिष्याच्या हातातल्या, मोठ्या अक्षरांच्या फोनवर त्या नेटक्या, शुभ्र पडद्याचे वाटोळे झाले. भाज्यांच्या चित्रांमागे भडक गुलाबी पसरला, शीर्षकामागे निळा, यादीमागे शेंदरी. ज्या ज्या चौकटीवर ते ॲप रचले होते त्या प्रत्येक चौकटीला कुठला ना कुठला रंग फासला गेला.

"अगं बाई! ही तर रंगपंचमी!" कुमुदबाई उद्गारल्या.

शिष्याचे डोळे भरून आले. त्या ताकाच्या शुभ्र छटेसाठी त्याने किती खटपट केली होती! त्याला वाटले, ही शिक्षाच आहे. "सर, माझं चुकलं असेल, पण म्हणून सगळं काम असं..."

"रंग पुसायला वेळ लागत नाही. आधी बघ. इथं बसलेल्या प्रत्येकाची मला ओळख करून दे."

शिष्याने नाक ओढले आणि एकेक चौकट दाखवू लागला. "हे शीर्षक. ही भाज्यांची यादी. ही चित्रं. ही पोळ्यांची संख्या. हे बटण..." आणि तो थांबला. बटणाचा हिरवा रंग दिसतच नव्हता. त्याच्यावर एक जांभळी चौकट ऐसपैस पसरली होती. खालून बटणाची किनार तेवढी बाहेर डोकावत होती.

"आणि ही बाई कोण म्हणायची?" कुमुदबाईंनी विचारले.

शिष्य फोनवर वाकला. मग म्हणाला, "ही माझीच."

त्याला सारे आठवले. अगदी सुरुवातीला यादीतला शेवटचा पदार्थ, कोशिंबीर, बटणाच्या मागे दडत असे. त्यावर शिष्याला चटकन एक उत्तर सापडले होते. बटणाच्या वर त्याने एक रिकामी, पारदर्शक चौकट अडसरासारखी ठेवून दिली. यादी तिला टेकून वरच थांबली, कोशिंबीर दिसू लागली, आणि तो खूश होऊन पुढच्या कामाला लागला. ती चौकट अक्षरांच्या मापाने वाढणारी होती. त्याच्या स्वतःच्या फोनवर अक्षरे बारीक, म्हणून ती बटणाच्या वरच राहायची. आजोबांच्या फोनवर ती वाढून थेट बटणावर येऊन बसायची, आणि काचेसारखी आरपार असल्याने कोणाला दिसत नसे. बोट बटणाला लागतच नव्हते, ते त्या चौकटीला लागत होते. क्वचित बोट खालच्या किनारीवर पडले तर डबा मिळे.

"कोशिंबिरीपायी जेवण गेलं म्हणायचं," कुमुदबाई पुटपुटल्या.

आचार्य म्हणाले, "रोगापेक्षा इलाज भारी झाला. पण इलाज केलास हा गुन्हा नव्हे, सगळेच करतात. तू संशय घेतलास तो दिसणाऱ्या वस्तूवर. बटणाला रंग दिलास, सावली दिलीस, आणि शेवटी दाबणाऱ्याच्या बोटाला दोष दिलास. जे दिसत नाही त्याच्यावर कोणी आळ घेत नाही, आणि ते आपणच ठेवलेलं असलं तर मुळीच घेत नाही. म्हणून मी सगळ्यांना रंग लावला. देखण्यालाही लावला, रिकाम्यालाही लावला. शोभा गेली थोडा वेळ, पण कोण कुठं बसलंय ते कळलं." मग ते जरा थांबले. "आणि ती अंगणाची म्हण. ती नाचणाऱ्याला लागू आहे रे. ज्यानं अंगण सारवलं त्यानं ती म्हणू नये. त्यानं आधी अंगण बघून यावं."

शिष्याने मान खाली घातली. मग तो खुर्चीत बसला. सवयीने त्याची बोटे ती चौकट लहान करायला धावली, पण मध्येच थबकली. त्याने ती चौकट समूळ काढून टाकली. यादीला तिची जागा नेमून दिली, बटणाला त्याची. त्या कामाला दोन मिनिटे पुरली नाहीत. कुमुदबाई खानावळीत जाऊन रात्रीची कणीक मळून परत आल्या तरी तो बसलेलाच होता. अक्षरे बारीक करून, मोठी करून, फोन आडवा धरून त्याने पुन्हा पुन्हा पाहिले. सगळे ठीक झाले तेव्हा आचार्य म्हणाले, "आता पूस रंग."

"थोडं राहू द्या सर," शिष्य म्हणाला. "अजून कोणी बसलंय का बघतो."

आचार्य हसले. त्या दिवसातले ते त्यांचे पहिले हसू होते. मग ते म्हणाले, "ॲप दुरुस्त झालं. पण खांबेटे अजून झालेले नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य खांबेटे आजोबांच्या दारी उभा होता. आजोबांनी त्याला आत घेतले, पाणी दिले. शिष्याने त्यांना बटण दाबायला सांगितले. आजोबांनी बोट सदऱ्याला पुसले, श्वास रोखला आणि सगळा जोर एकवटून फोनवर नेले.

"हळू, आजोबा," शिष्य म्हणाला. "नुसतं टेकवा."

त्यांनी टेकवले. 'डबा निघतो आहे' अशी अक्षरे पडद्यावर उमटली. चांगली मोठी होती, चष्म्याशिवाय वाचता येण्याजोगी.

"आजोबा, बटणावर मीच एक चौकट ठेवली होती. दिसत नव्हती. तुमच्या बोटाला काही झालेलं नव्हतं. मी उगाच तुम्हाला जोर द्यायला सांगितलं. चुकलो मी."

आजोबांनी आपले बोट डोळ्यांपाशी नेऊन उलटसुलट पाहिले. "म्हणजे शाबूत आहे?"

"अगदी शाबूत."

आजोबा उठले. कपाटामागून त्यांनी कॅरमबोर्ड ओढून काढला, त्यावर पावडर भुरभुरली, सोंगट्या मांडल्या आणि स्ट्रायकर बोटापुढे ठेवला. मग टिचकी बसली, आणि एक सोंगटी कडेला नुसती शिवून सरळ खड्ड्यात गेली. मग त्यांनी समोरच्या पाटाकडे बोट दाखवले, त्याच बोटाने. "बस. डबा येईपर्यंत एक डाव होईल."

शिष्य पाठशाळेत पोहोचला तेव्हा दुपार कलली होती. उशिराचे कारण आचार्यांनी विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "झाले का दुरुस्त?"

"झाले, सर," शिष्य समाधानाने म्हणाला. "मी तिन्ही डाव हरलो."

आपल्या घरातले किंवा कामावरचे एखादे माणूस 'माझ्याच्याने आता होत नाही' असे म्हणू लागले, तर त्याच्या बोटाकडे पाहण्याआधी त्याच्या बटणावर आपण काय ठेवून विसरलो आहोत, तेवढे पाहून यावे.