हाकेच्या अंतरावर

मुलांनो, टेकड्यांच्या एका लांब रांगेखाली मोठा माळ होता आणि त्या माळावर मेंढ्यांचा एक कळप राहत असे. कळपाचा धनी होता शांतवन मेंढपाळ. ओढ्यापलीकडच्या वाडीत सात-आठ ख्रिस्ती घरे होती, पत्र्याच्या छपराचे एक लहानसे देऊळ होते, आणि अगदी कडेचे घर शांतवनचे होते. अंगाने तो किडकिडीत होता, पण त्याचा आवाज मऊ असूनही लांबवर पोहोचे. हातात काठी असे, ती लांडग्यासाठी. मेंढ्यांच्या अंगाला त्याने ती कधी लावली नाही. त्यांना तो हाकेने वळवत असे. "याऽ गं बायांनो, याऽ!" अशी त्याची हाक माळावर घुमली की मेंढ्या माना वर करत.

या कळपात एक म्होरकी मेंढी होती. ती जन्मली त्याच सकाळी तिची आई मेली होती. शांतवनने त्या ओल्या, थरथरत्या पिल्लाला आपल्या घोंगडीत गुंडाळले आणि कळपातल्या एकुलत्या एका शेळीजवळ नेऊन ठेवले. शेळी आधी फुरफुरली, मागे सरली. मग काय वाटले कोण जाणे, उभी राहिली आणि तिने पिल्लाला पाजले. तेव्हापासून मेंढी तिला मावशी म्हणू लागली. पण तिचा खरा जीव धन्यावर होता. तो ओढ्यावर गेला की ही ओढ्यावर. तो झाडाखाली भाकरी सोडून बसला की ही त्याच्या गुडघ्याला डोके घासत उभी. त्याने नुसते खाकरले तरी तिचे कान टवकारत.

पुढे ती मोठी झाली, अंगाने भरली. कुठे थांबायचे, कुठे वळायचे हे तिला सगळ्यांच्या आधी कळे, कारण तिचे सारे लक्ष धन्याच्या आवाजाकडे असे. म्हणून शांतवनने तिच्या गळ्यात घंटा बांधली. ती पुढे, तिच्या घंटेमागे कळप, आणि सर्वांच्या मागे धनी, असे ते रोज माळावर जाऊ लागले.

वर्षे गेली. रस्ता तोच, ओढा तोच, माळही तोच. मेंढीला प्रत्येक दगड ओळखीचा झाला. आधी आधी ती वळणावर थांबून धन्याची वाट पाही. नंतर थांबेनाशी झाली. संध्याकाळी मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, शिरत तेव्हा शांतवन दाराशी उभा राहून एकेकीच्या डोक्यावरून हात फिरवी. म्होरकी मात्र त्याच्या हाताखालून भर्रकन आत जाई आणि कोपऱ्यातली आपली उबदार जागा धरून बसे. चालताना ती मान जरा जास्तच हलवी. घंटेचा आवाज तिला फार आवडू लागला होता.

एकदा शेळीने तिला विचारले, "अगं, धनी मघाशी हाक मारत होता. ऐकलीस का?"

"ऐकली असेल," मेंढी रवंथ करत म्हणाली. "मावशी, मी त्याच्या घोंगडीत वाढले. मला का त्याची ओळख नव्याने करून घ्यायची आहे?"

"ओळख जुनी आहे गं," शेळी म्हणाली, "पण हाक आजची होती."

मेंढीने डोळे मिटून घेतले. तिला वाईट काही करायचे नव्हते, मुलांनो. तिचे फक्त सगळे ठीक चालले होते.

त्या वर्षी तिला एक कोकरू झाले. पांढरेशुभ्र, एका कानावर तेवढा तपकिरी ठिपका. ते आईच्या पायात पायात करत चाले आणि सारखे काहीतरी विचारी.

नाताळाला महिना राहिला होता. सकाळी गवतावर दव पडे. रस्त्याकडेच्या एका शेतातली ज्वारी काढून नेली होती आणि नुसती धसकटे उभी होती. दरवर्षी ज्वारी निघाली की कळप त्या शेतातून आडवा जाई, त्यामुळे म्होरकीने नेहमीसारखा तिकडे मोर्चा वळवला. पण यंदा मधेच पावसाची एक सर येऊन गेली होती आणि धसकटांना कोवळे, हिरवेगार फुटवे आले होते. दिसायला ते लोण्यासारखे मऊ होते. पण ज्वारीच्या अशा कोवळ्या फुटव्यांत कधी कधी जहर असते. जनावराने ते खाल्ले तर त्याला किराळ, म्हणजे ज्वारीची विषबाधा, लागते आणि घटकाभरात जनावर हातचे जाते. शांतवनला हे ठाऊक होते. त्याने मागून हाक दिली, "याऽ गं बायांनो, माघारी याऽ!"

कोकराने कान हलवले. "आई, धनी बोलावतोय."

"ती हाक मागे रेंगाळणाऱ्यांसाठी असते," मेंढी म्हणाली. "आपण पुढे आहोत."

शांतवनने पुन्हा हाक दिली. आवाज मेंढीच्या कानावर पडला, पण वारा वाजावा तसा पडला आणि निघून गेला. घंटा वाजवत ती शेतात शिरली. तिच्यामागे तिचे कोकरू शिरले आणि सगळ्यांच्या आधी त्याने त्या हिरव्या फुटव्यांत तोंड घातले.

शांतवन धावत सुटला. इतका धावताना त्याला कुणी पाहिले नव्हते. डोक्याचे फडके उडाले, एक वहाण मागे राहिली. दोन्ही हात पसरून तो कळपाला आडवा झाला आणि घसा फोडून ओरडत त्याने मेंढ्यांना बांधाबाहेर काढले. बाकीच्या बचावल्या. पण कोकराने चार-पाच घास गिळले होते. ते दोन पावले चालले, अडखळले आणि आडवे झाले. त्याच्या तोंडाला फेस आला, पोट भात्यासारखे वरखाली होऊ लागले.

"बाळा!" मेंढी किंचाळली. "ऊठ ना! काय झालं तुला?"

कोकराचे डोळे मिटले होते.

शांतवनने त्याला उचलून बाभळीच्या सावलीत नेले. भाकरीच्या फडक्यात गुळाचा खडा होता. तो त्याने तांब्यातल्या पाण्यात चुरला आणि ते पाणी हळूहळू, ठसका लागू न देता, कोकराच्या घशात सोडले. मग कोकराचे डोके मांडीवर घेऊन तो तिथेच बसला. "प्रभू, एवढंसं लेकरू आहे," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मेंढी दूर बांधावर उभी होती. तिचे पाय पुढे होत नव्हते. शेळी हळूच तिच्याजवळ आली.

"जा ना त्याच्यापाशी."

"कोणत्या तोंडानं जाऊ, मावशी? त्यानं दोनदा हाक मारली. मला ऐकू आली होती. ऐकू येऊनही मी..."

"तोंड राहू दे," शेळी म्हणाली. "कान घेऊन जा. इतकी वर्षं तेच न्यायचं राहिलं होतं."

मेंढी गेली. मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत गेली. आता हा आपल्याला काय बोलेल, घंटा काढून घेईल, की ती काठी उचलेल, असे तिला वाटत होते. शांतवनने तिच्याकडे पाहिले आणि बाजूला सरकून आपल्याशेजारी तिला जागा करून दिली. बराच वेळ त्याचा हात तिच्या मानेवर नुसता विसावला होता.

मग तो म्हणाला, "तुला काय बोलू गं? मी तरी काय वेगळा आहे? लहानपणी आई गेली तेव्हा याच बाभळीखाली बसून मी प्रभूला हाक मारली होती, आणि त्यानं मला धरलं होतं. पुढं सगळं अंगवळणी पडलं. रविवारी देवळात ठरलेल्या जागी बसतो, ठरलेली गाणी म्हणतो, ठरलेली प्रार्थना करतो आणि घरी येतो. सकाळी वाघर सोडताना माझं मागणं त्याला सांगतो आणि चालू पडतो. तो मला काय सांगतोय हे ऐकायला थांबून किती दिवस झाले, आठवतही नाही." त्याने कोकराच्या कपाळावरून हात फिरवला. "तू माझी हाक ऐकली नाहीस, आणि मी त्याची."

मेंढीला सगळे शब्द कळले असतील असे नाही. पण पुष्कळ दिवसांनी ती त्याचा आवाज ऐकत होती. तो थोडा घोगरा झाला होता. मधे मधे त्याला धाप लागत होती. धनी म्हातारा होत चालला आहे, हेही तिला त्या दिवशीच कळले.

ऊन कलायला लागले तेव्हा कोकराने डोळे उघडले. आधी त्याचा ठिपक्याचा कान हलला, मग शेपटी. शांतवनने पुन्हा थोडे गूळपाणी पाजले. कोकरू धडपडत उभे राहिले, पडले, पुन्हा उभे राहिले आणि त्याने विचारले, "आई, तू रडतेयस का?"

"नाही रे," मेंढी म्हणाली, आणि त्याला चाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी शांतवन नेहमीपेक्षा लवकर आला. वाघर सोडण्याआधी तो जमिनीवर गुडघे टेकून बसला. त्या दिवशी त्याने काही मागितले नाही. तो नुसता बसून राहिला. सूर्य टेकडीवर आला तरी तो बसलाच होता, आणि कळपातली एकही मेंढी ओरडली नाही.

मुलांनो, तुम्हाला वाटेल की त्या दिवसापासून म्होरकी एकदम बदलली. तसे काही झाले नाही. वर्षानुवर्षांची सवय पायांत बसलेली असते. पहिल्या दिवशी ती दोनदा थांबली आणि चारदा विसरली. विसरली की कोकरू आठवण करून देई, "आई, धनी बोलावतोय," आणि ती खजील होऊन मागे वळे. घंटेच्या आवाजात हाक बुडू नये म्हणून ती मान न हलवता चालायला शिकली. वळण आले की थांबायचे, मागे पाहायचे, ऐकायचे, मग पाऊल उचलायचे. कळपातल्या तरण्या मेंढ्या कुजबुजू लागल्या.

"म्होरकीला वाट आठवेनाशी झाली वाटतं," एक म्हणाली. "सारखी मागे बघते."

"वाट आठवते गं," मेंढी शांतपणे म्हणाली. "तेवढ्यावर मी चालत होते, तीच चूक झाली."

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी कळप चिंचेच्या झाडापाशी पोहोचला. तिथून रस्ता नेहमी डावीकडे माळाकडे जाई. मेंढी थांबली. हाक आली, "याऽ गं बायांनो, इकडं याऽ!" हाक उजवीकडून येत होती. शांतवन टेकडीच्या बाजूला, करवंदीच्या जाळीजवळ उभा होता. तिथे वाट आहे असे कुणालाच वाटले नसते.

मेंढीचे पाय डावीकडे ओढ घेत होते. क्षणभर ती घुटमळली. मग तिने मान वळवली आणि ती आवाजाच्या दिशेने निघाली. कोकरू तिच्यामागे, सगळा कळप कोकरामागे. जाळीमधून एक अरुंद पायवाट वर चढत होती. काटे अंगाला ओरखडत होते, पायाखाली दगड निसटत होते. पण दर दहा पावलांवर धन्याची हाक येत होती, आणि तेवढ्यावर ती पुढचे दहा चढत होती.

टेकडीचा माथा आला आणि सगळ्या मेंढ्या जागच्या जागी थांबल्या.

पलीकडे एक दरी होती. दरीत झरा होता, आणि झऱ्याच्या दोन्ही काठांना गुडघाभर लुसलुशीत गवताचे कुरण पसरले होते. खालचा माळ पिवळा पडू लागला होता. इथे मात्र हिरवळ नुकती उगवल्यासारखी ताजी होती. कोकराने एक उडी मारली, मग दुसरी, आणि ते उतारावरून धावत सुटले. त्याच्यामागे बाकीची कोकरे, मग मोठ्या मेंढ्या, त्या कुजबुजणाऱ्यासुद्धा.

म्होरकी तेवढी माथ्यावर उभी राहिली. शेळी धापा टाकत तिच्याजवळ येऊन पोहोचली.

"मावशी," मेंढी म्हणाली, "धन्याला ही जागा आज सापडली का?"

शेळीने खालच्या चिंचेकडे पाहिले. मग म्हणाली, "नाही गं. तीन वर्षं झाली. तीन वर्षं तो त्या चिंचेपाशी उभा राहून इकडं बोलवत होता. मी थांबायचे. पण तुझी घंटा डावीकडं जायची, कळप तिच्यामागं जायचा, आणि मग मलाही जावं लागायचं. खाली पोट भरत होतं, जिवाला धोका नव्हता, म्हणून त्यानं ओढून आणलं नाही. नुसती हाक मारत राहिला."

मेंढीच्या डोळ्यांसमोर ते कुरण धूसर झाले. "तीन वर्षं? रोज?"

"रोज."

"आणि तो माझ्यावर कधी रागावला नाही?"

"बाई गं," शेळी म्हणाली, "रागावला असता तर एव्हाना हाक मारायचा थांबला असता."

तात्पर्य : प्रभूची जुनी ओळख आहे म्हणून विसावलेला विश्वास नकळत बहिरा होतो, पण प्रभू हाक मारायचा थांबत नाही, आणि ज्या सकाळी आपण ती ऐकायला थांबतो, त्या सकाळी आपले जीवन पुन्हा नवे होते.