समोरच्या डोंगराचं शिंग

"बाबा, मेलेल्या माणसाची वाट किती वेळ पाहायची?"

एवढं विचारून माणिकनाथाने उत्तराआधीच तळ्याच्या मोरीची लोखंडी चावी खुंटीवरून उतरवली.

चिंधीबाबा धुनीतली राख चाळत होते. "कोण मेलं?"

"धोंडनाथ महाराज. आज समोरच्या डोंगरावर शिंग वाजलं नाही."

दोन डोंगरांवर दोन मठ, मधल्या खोऱ्यात एक तळं. तळ्याला पाणी सोडायच्या दोन मोऱ्या, एकेका मठाच्या ताब्यात. पाणी सोडायचा मान मात्र थोरल्या मठाचा, म्हणजे धोंडनाथांचा. रोज सकाळी दोन्हीकडे शिंग वाजायचं. आम्ही आहोत, एवढाच त्याचा अर्थ. थोरल्यांचं शिंग थांबलं की मान धाकट्या मठाकडे, म्हणजे चिंधीबाबांकडे यायचा. पण चुकून दोन्ही मोऱ्या एकदम उघडल्या, तर तळं दुपारपर्यंत रिकामं व्हायचं आणि खोऱ्यातला सगळा कांदा हातचा जायचा.

खालून शेतांना पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याने हाक दिली, "महाराज, सोडताय ना पाणी?"

माणिकनाथाचे कान टवकारले. त्याला आजवर कुणी महाराज म्हटलं नव्हतं.

"सोडतो, सोडतो!"

"वारं कुठलं आहे रे?" बाबांनी विचारलं.

"फिरतं आहे. त्यात हे धुकं."

"म्हणजे शिंग वाजलं असेल आणि वाऱ्याने नेलं असेल?"

"असेल..."

"किंवा शिंगच फुटलं असेल?"

"तेही असेल."

"किंवा महाराजांना आज उशिरा जाग आली असेल?"

"बाबा, तुम्ही मला गोंधळात पाडताय."

"मी? बरं, राहिलं."

माणिकनाथ चिडला. "मग मी जाऊन बघूनच येतो."

"ये की. परत यायला संध्याकाळ होईल. तू सांगशील ते दुपारचं असेल. संध्याकाळचं कोण सांगणार?"

माणिकनाथ मटकन खाली बसला. सकाळी सगळं किती सरळ होतं! आता जे धरावं ते हातातून निसटत होतं.

"मग कळायचं तरी कसं, बाबा?"

बाबा बोलले नाहीत...

ऐकलं नसेल का? विचार करत असतील? की रागावले? बाबांचे डोळे मिटलेले होते. चाळणी हातात तशीच थांबली होती.

"बाबा?"

...

माणिकनाथाने वाकून बाबांचा खांदा हलवला. "बाबा!"

"आहे," बाबा डोळे न उघडताच म्हणाले. "आता आपलं शिंग वाजव."

माणिकनाथाने छाती फुटेस्तोवर शिंग फुंकलं. आवाज धुक्यात शिरला आणि पुढे कुठे गेला ते कळलं नाही. समोरून काहीच आलं नाही.

"पोचलं?"

"काय माहीत..."

"महाराज, कांदा माना टाकतोय!" खालून पाटकरी ओरडला.

बाबा उठून कड्यापाशी गेले. "आजचा दिवस काढेल का रे?"

"काढेल कसाबसा! पण पाणी कधी?"

बाबांनी समोरच्या पांढऱ्या धुक्याकडे पाहिलं. मग माणिकनाथाच्या मुठीकडे. चावी अजून तिथेच होती.

"आपलंही तिकडे पोचलं नसेल. आत्ता आपलं सुतक पाळत असतील, माणक्या. मेलेल्याने चावीला हात लावू नये."